सव्वानऊला तेरा टक्के

डोंबिवलीतल्या त्या फ्लॅटमध्ये दादा नऊ वाजून पाच मिनिटांनी पोचले. चपला दाराशी काढल्या, अर्धा पेला पाणी प्यायले आणि बसायला स्टूल मागितलं. खुर्ची नको म्हणाले. स्टूल त्यांनी ट्रेडरच्या पाठीमागे, उजव्या खांद्याच्या जरा बाजूला ठेवलं. तिथून माउसवरचा हातही दिसतो आणि तिन्ही स्क्रीनही. पिशवीतला स्क्रूड्रायव्हर पिशवीतच राहिला. "तुम्ही रोज करता तेच करा, काका. मी इथे आहे हे विसरून जा."

काका बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले. महिन्यापूर्वी त्यांनी लाखाच्या वर खर्च करून नवा संगणक घेतला होता. काचेचं कॅबिनेट, रंगीबेरंगी उजळणारे पंखे, गेम खेळणाऱ्या पोरांना हेवा वाटावा असं ग्राफिक कार्ड. आणि तरीही रोज सव्वानऊला बाजार उघडला की त्यांची एक्सेलची शीट गोठायची. निफ्टीच्या ऑप्शन चेनचे भाव टर्मिनलमधून या शीटमध्ये लाइव्ह यायचे आणि त्यावर काकांनी चार वर्षं खपून बांधलेली सूत्रं चालायची. "जुन्या मशीनवर हेच व्हायचं," ते म्हणाले. "म्हणून तर नवं घेतलं."

सव्वानऊ झाले. भाव पळायला लागले आणि शीटवर माउसच्या बाणाचं निळं वर्तुळ झालं. दादांनी टास्क मॅनेजर उघडायला सांगितला. सीपीयूसमोर आकडा होता १३ टक्के.

"बघा ना, मशीनला तर कामच नाहीये! मग अडतंय कुठे?"

दादांनी आलेखावर उजवी क्लिक करून दृश्य बदललं. एका मोठ्या आलेखाचे आठ लहान आलेख झाले. सात जवळजवळ जमिनीला टेकलेले, एक छताला भिडलेला. मधूनच तो खाली यायचा आणि शेजारचा वर जायचा, पण एका वेळी वर एकच. आठातला एक म्हणजे साडेबारा टक्के. उरलेला अर्धा टक्का किरकोळ कामांचा. महिनाभर काकांना छळणाऱ्या कोड्याचं उत्तर त्या तेरा टक्क्यांतच होतं.

एक्सेल २००७ पासून आपली आकडेमोड प्रोसेसरच्या अनेक कोरांत वाटू शकतं, पण काही सूत्रांना ती वाटणी चालत नाही. 'इनडायरेक्ट' हे त्यातलं एक. शिवाय ते अस्थिर जातीचं सूत्र आहे. शीटमध्ये कुठेही एखादा भाव हलला की ते स्वतःला पुन्हा मोजून घेतं, त्या भावाशी संबंध असो वा नसो. काकांच्या शीटमध्ये अशी काही हजार सूत्रं होती. सव्वानऊला भाव सतत बदलत होते, शीटमध्ये उतरणाऱ्या प्रत्येक बदलाला ही हजारो सूत्रं उभी राहत होती आणि सगळी एकाच दारातून आत शिरू पाहत होती. बाकीची सात दारं सताड उघडी, पण तिकडे कुणी फिरकत नव्हतं.

हे ज्ञान दादांना हार्डवेअरच्या दुकानात मिळालेलं नाही. एका सीए गिऱ्हाइकाने त्यांना काही वर्षांपूर्वी शिकवलं, तेव्हापासून ते शीट उघडून सूत्रं वाचतात. दोन संध्याकाळी काका आणि दादा शेजारी बसले. 'इनडायरेक्ट'च्या जागी 'इंडेक्स' आलं, तीन वर्षांपूर्वीच्या एक्स्पायऱ्यांची पानं वेगळ्या फाइलमध्ये गेली. आणखी एक गोष्ट सापडली. बाहेरून येणारे लाइव्ह भाव एक्सेल मुळात दोन सेकंदांनी एकदाच उचलतं, ते तसं ठरवूनच दिलेलं आहे. पाच लाखांचा संगणक आणला तरी ते दोन सेकंद कमी होत नाहीत. मॅक्रोमध्ये एक ओळ लिहिली की होतात. तिसऱ्या दिवशी सव्वानऊला शीट चालत होती. ग्राफिक कार्डाचा पंखा फिरतसुद्धा नव्हता, कारण त्याला करण्यासारखं तिथे काही नव्हतं.

गिऱ्हाईक त्यांना दादा म्हणतं, म्हणून इथेही तेच नाव. राहतात ठाण्यात. ट्रेडिंगसाठी संगणक जुळवून देणं, बिघडले की बघणं हा त्यांचा धंदा, आणि त्याची सुरुवात नव्वदच्या दशकाच्या शेवटी लॅमिंग्टन रोडवर झाली. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण सुट्या भागांच्या बाजाराला सगळे जुन्याच नावाने ओळखतात. तिथल्या एका दुकानात ते हेल्पर होते. सकाळी खोकी वाहायची, दुपारी मशीन असेंबल करायचं, संध्याकाळी लोकलने जाऊन ते गिऱ्हाइकाकडे बसवून द्यायचं.

शेअर बाजार तेव्हा नुकताच स्क्रीनवर आला होता. राष्ट्रीय शेअर बाजारात समभागांचे व्यवहार नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाले ते पहिल्यापासून संगणकावरच, आणि मार्च १९९५ मध्ये दलाल स्ट्रीटवर 'बोल्ट' ही संगणक प्रणाली आल्यावर रिंगणातला हातवाऱ्यांचा, आरडाओरड्याचा बाजारही बंद होत गेला. दलालांच्या आणि उपदलालांच्या गच्च्यांवर व्हीसॅटच्या तबकड्या उभ्या राहिल्या. तबकडीचा उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर. ऑर्डर तिथवर जाऊन खाली येणार, तिचं उत्तर पुन्हा तोच प्रवास करणार. नुसत्या जाण्यायेण्यातच अर्धा सेकंद जायचा. टर्मिनलवर एफ१ दाबलं की खरेदी, एफ२ दाबलं की विक्री. दिवसभर झटपट खरेदी-विक्री करणाऱ्या जॉबरांच्या कीबोर्डवर या दोन बटनांची अक्षरं वर्षभरात पुसून जायची आणि त्या दोघांपायी सगळा कीबोर्ड बदलायला लागायचा. दादा आजही नव्या गिऱ्हाइकाकडे गेले की आधी कीबोर्ड बघतात. झिजलेली बटनं माणूस कसं काम करतो ते सांगतात.

पुढे इंटरनेट ट्रेडिंग आलं, चार्ट आले, मोबाइल आले. तबकड्या उतरल्या, केबल आल्या. आणि संगणक हा ट्रेडरच्या अभिमानाचा विषय झाला. त्या बदलात दादांच्या हातून एक चूक घडली. ती ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगतात.

पुण्यातला एक तरुण बॅकटेस्टिंग करायचा. एखादी पद्धत दहा वर्षांच्या, मिनिटामिनिटाच्या भावांवर हजारो वेळा चालवून पाहायची, असं ते काम. एकेक फेरी रात्रभर चालायची. दादांनी त्याला सोळा कोरांचा प्रोसेसर सुचवला, त्याला साजेसा कूलर, मदरबोर्ड आणि एसएमपीएसही. कागदावर वेळ पाचपटीने उतरायला हवा होता. उतरला नावापुरता. त्या मुलाकडे असलेल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा परवाना एका वेळी दोनच धागे (थ्रेड) चालवू देणारा होता. चौदा कोर बसून राहिले. वरची आवृत्ती घेतली असती तर जुनं मशीनही बरंच पुढे गेलं असतं, आणि तिचा खर्च या प्रोसेसरच्या मानाने कमी होता. माहिती सॉफ्टवेअरच्या पानावर स्पष्ट छापलेली होती, दादांनी वाचली नव्हती. त्यांनी प्रोसेसर आणि मदरबोर्ड परत घेतला, फरकाची रक्कम दिली आणि तेव्हापासून वहीत एक रकाना वाढवला: कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, ३२ बिट की ६४ बिट.

बिटांचा प्रश्न काही जुनाट किंवा पुस्तकी नाही. ३२ बिटांचा प्रोग्रॅम चार जीबीच्या पलीकडची मेमरी स्वतःसाठी वापरूच शकत नाही, मग मशीनमध्ये ६४ जीबी रॅम का असेना. पुष्कळ ट्रेडर कुणा मित्राकडून उतरवून घेतलेलं जुनं ३२ बिट एक्सेल वापरत असतात. शीट वाढत जाते आणि एक दिवस मेमरी अपुरी असल्याचा संदेश येतो. माणूस दुकानात जाऊन रॅम घेतो, संदेश तसाच राहतो.

दादांच्या मते ट्रेडिंगचं मशीन घेताना पहिला प्रश्न कोर किती हा नसून एक कोर किती वेगाने धावतो हा असतो. टर्मिनल, एक्सेलचे मॅक्रो, चार्टवरच्या खुणा यातलं बरंच काम एकाच रांगेतून जातं. बॅकटेस्टिंग करणाऱ्याचं गणित वेगळं, तिथे कोर खरोखर कामाला येतात. हे मत वादाचं वाटू शकेल, पण त्यांच्या वहीतल्या नोंदी त्याच बाजूच्या आहेत. रोजच्या ट्रेडिंगसाठी त्यांनी दिलेली बहुतेक मशीनं मधल्या किमतीच्या प्रोसेसरवर चालतात. वाचलेला पैसा ते स्क्रीन, एसएसडी आणि विजेकडे वळवतात.

स्क्रीनच्या बाबतीत त्यांनी पाहिलेल्या फजित्या मोजण्यापलीकडच्या आहेत. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो त्यात चित्र दाखवणारा भागच नसतो. तो थोडा स्वस्त मिळतो. ग्राफिक कार्ड न घेता असा प्रोसेसर आणला की मशीन चालू होतं, पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. चार स्क्रीन हवे असणाऱ्याला गेमिंगचं महागडं कार्ड लागत नाही. चार मिनी डिस्प्लेपोर्ट असणारं, जेमतेम पन्नास वॉट खाणारं, ऑफिसच्या कामाचं लहान कार्ड पुरतं. २०२१ मध्ये क्रिप्टोच्या खाणकामामुळे कार्डांचे भाव आभाळाला टेकले, तेव्हा दादांनी वेगळी वाट काढली. ४३ इंचांचा एकच फोरके पडदा. त्यात साडेएकवीस इंचांचे चार फुलएचडी स्क्रीन मधल्या पट्ट्यांशिवाय मावतात, आणि दहा बाय दहाच्या खोलीत चार स्टँड, चार प्लग, चार केबलींचा गुंता टळतो.

त्यातही एक खोच निघाली. मुलुंडच्या एका ताईंचा पडदा बसवला आणि दुसऱ्या दिवशी तक्रार आली की माउस जड झालाय, हात पुढे जातो आणि बाण मागून येतो. मशीन नवं, पडदा नवा. पण केबल जुन्या टीव्हीची काढून लावलेली, आणि तीही मदरबोर्डच्या जुन्या धाटणीच्या एचडीएमआय पोर्टात. त्या पोर्टातून फोरके चित्र सेकंदाला तीसदाच बदलतं. डिस्प्लेपोर्टाची केबल लावली, साठ झालं, बाण हाताबरोबर चालू लागला. ताई म्हणाल्या, "दादा, मला वाटलं माझाच हात दुखावलाय."

कोकणपट्टीत आणि मुंबईत संगणकाचं आजारपण ऋतूप्रमाणे बदलतं. जूनच्या पहिल्या सरीनंतर फोन येतात ते 'मशीन चालू होतं पण काही दिसत नाही' असे. दमटपणामुळे रॅमच्या सोनेरी पायांवर बारीक थर चढलेला असतो. दादांच्या पिशवीत त्यासाठी शाळेतला पांढरा खोडरबर असतो. स्टिक काढायची, पाय हलक्या हाताने घासायचे, कण फुंकरीने नव्हे तर ब्रशने झाडायचे, स्टिक परत बसवायची. हे काम ते गिऱ्हाइकाला शिकवून येतात, त्याचे पैसे घेत नाहीत. स्टिक बसवताना एक गोष्ट मात्र आवर्जून बघतात. सोळा जीबीची एक स्टिक आणि आठ-आठच्या दोन यांची बेरीज सारखी, पण दोन असल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जाणारे दोन रस्ते मिळतात.

पावसाआधीचा उकाडा वेगळं दुखणं आणतो. ४ जून २०२४ ला लोकसभेची मतमोजणी होती. सेन्सेक्स त्या दिवशी सुमारे ४,३९० अंशांनी, साडेपाच टक्क्यांहून जास्त कोसळला. दुपारी बारापर्यंत दादांना अकरा फोन आले. त्यातले चार जण एकच सांगत होते: सकाळी ठीक होतं, तासाभरात मंदावलं. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. वर्षभर कामाचा भार हलका असतो म्हणून हे लक्षात येत नाही. आणि ज्या दिवशी भाव वेड्यासारखे पळतात, माणसाला मशीनची सगळ्यात जास्त गरज असते, नेमका त्याच दिवशी ते दमतं. चौघांपैकी एकाची खोली स्वयंपाकघराला लागून होती. कूलरच्या पात्यांवर फोडणीच्या तेलाने चिकटलेल्या धुळीची गादी जमली होती. दुसऱ्याच्या ऑफिसात बाजार उघडण्यापूर्वी टर्मिनलसमोर रोज अगरबत्ती लागायची आणि तिची काजळी थेट पंख्यात ओढली जायची. दादांनी अगरबत्ती बंद करायला सांगितलं नाही. देव्हारा खोलीच्या दुसऱ्या टोकाला हलवला आणि कॅबिनेटची हवा खेचणारी बाजू भिंतीकडून काढून मोकळ्या हवेकडे केली. लक्ष्मीपूजनाला मुहूर्ताच्या सौद्यांआधी मशीनची पूजा होते, तेव्हाही ते आधी फोन करून सांगतात की हळदीकुंकू कॅबिनेटच्या समोर लावा, माथ्यावरच्या जाळीवर नको.

मग अंतराचा प्रश्न. नागपूरच्या एका ट्रेडरला वाटत होतं की मुंबईतल्या लोकांना भाव आधी मिळतात, म्हणून त्याला महागातलं मशीन हवं होतं. दादांनी कागदावर हिशेब मांडला. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नागपूर ते मुंबई आठशे किलोमीटर धरले तर जाऊन येण्याचे आठ मिलिसेकंद. वाटेतले फाटे, राउटर, ब्रोकरचा सर्व्हर धरून ते वाढतात, तरी माणसाच्या डोळ्याला आणि बोटाला तो फरक कळत नाही. ज्यांना कळतो ती यंत्रं एक्स्चेंजच्याच आवारात, को-लोकेशनच्या रॅकमध्ये बसलेली असतात आणि त्यांच्याशी घरून शर्यत लावता येत नाही. मग त्याच्याकडे उशीर कशाने होत होता? दादांनी पिंग लावून ठेवला. एक ओळ १८ मिलिसेकंद, पुढची २०, मग एकदम ३४०, पुन्हा १९. राउटर बाहेरच्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि फ्रिज, आजूबाजूच्या सगळ्या घरांचं वायफाय त्याच पट्ट्यात. कॅट-सिक्सची पंधरा मीटर केबल दाराच्या चौकटीवरून ओढली. मशीन तेच राहिलं.

दादा मशीन नाकारतात तेव्हाचं बोलणं सगळ्यात कठीण असतं. बदलापूरचा एक मुलगा, वय चोवीस, कुरिअर कंपनीतली नोकरी सोडून ऑप्शनमध्ये उतरू पाहणारा. सहा स्क्रीनचं मशीन हप्त्यावर घ्यायचं म्हणत होता. दादांनी त्याला सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासातला आकडा दाखवला. तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. "सहाव्या स्क्रीनने त्यातला एक टक्कासुद्धा हलणार नाही, बाळा. तुझा लॅपटॉप आण, मी त्यात एसएसडी घालून देतो." मुलगा नाराज होऊन गेला. त्याने दुसरीकडून मशीन घेतलं की नाही, दादांना कळलं नाही. अजूनही बदलापूरहून अनोळखी नंबर आला की ते लगेच उचलतात.

गेल्या हिवाळ्यातलं काम होतं कराडजवळच्या एका गावात. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, निफ्टीत दिवसाला एक-दोन सौदे करणाऱ्या, स्टॉपलॉस लावल्याशिवाय न उठणाऱ्या. मशीन साधं आणि उत्तम होतं. तक्रार होती ती वीज गेल्यावर होणाऱ्या घोळाची. त्यांच्याकडे यूपीएस होता, ६०० व्हीए लिहिलेला. व्हीए म्हणजे वॉट नव्हे. अशा साध्या यूपीएसचे प्रत्यक्षात साधारण ३६० वॉट निघतात. बाईंच्या मशीनला तेवढे पुरून उरत होते. तरी वीज गेली की संगणक चालू राहायचा आणि भाव थांबायचे, कारण फायबरचा डबा आणि राउटर बैठकीतल्या साध्या प्लगवर होते. उघड्या सौद्यासमोर गोठलेला भाव बघत बसण्याचा अनुभव त्यांनी तीनदा घेतला होता. चौथ्यांदा वीज गेली तेव्हा मोबाइलची रेंजही नव्हती.

दादांनी राउटर आणि फायबरच्या डब्याला वेगळा छोटा डीसी यूपीएस लावला. यूपीएसची बॅटरी चार वर्षांची झाली होती, ती बदलली. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजला, तो बारा व्होल्ट भरला. दोन-तीनच्या आत हवा. कॅबिनेटला हात लागला की बाईंना मुंग्या येत त्या यामुळेच. अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात गेल्या दोन उन्हाळ्यांत कुणी पाणी घातलं नव्हतं. बाईंच्या मुलाने चार बादल्या ओतल्या, सैल झालेली जोडणी वायरमनने घट्ट केली, आकडा दोनच्या खाली आला. मग बायोसमध्ये जाऊन वीज परतली की मशीन आपोआप चालू होईल अशी सोय केली आणि विंडोजच्या अपडेटला बाजाराच्या वेळेत रीस्टार्ट करायची बंदी घातली.

साडेतीन वाजता बाजार बंद झाला. दादा मीटरपाशी गेले आणि मेन स्विच खाली केला. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली. स्क्रीन चालू होता, राउटरचे चारही दिवे चालू होते. बाईंनी गॅसवर चहा ठेवला. दादांनी पुन्हा स्टूल मागून घेतलं आणि घड्याळ समोर ठेवून बसले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. चहा पिऊन झाला. बाई विचारत होत्या की एक सौदा उघडा असेल तर तो निस्तरायला किती वेळ धरावा, आणि दादा म्हणाले, दोन मिनिटं, पण घाबरलेल्या माणसाला पाच. तेविसाव्या मिनिटाला यूपीएस पिपाणीसारखा ओरडायला लागला. त्यांनी वहीत २३ लिहून खाली रेघ मारली, बाईंच्या टेबलावरच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत १५ लिहून ती स्क्रीनच्या कडेला चिकटवली, आणि मेन स्विच वर करायला गेले.